घरोघरची दप्तरे : बाड, मापाची वही आणि चिकटवही

प्रतिवर्षी समाजाची ही स्मरणिका हाती आली म्हणजे आम्ही प्रथम तिची अखेरची पाने उघडतो. वर्षभरात वैकुंठवासी झालेल्या ज्ञातिबांधवांची यादी तेथे असते. वय साठीच्या पुढे सरकले की ही सवय जडते. यादीत नाव, गाव व वय एवढेच छापलेले असते. त्या नावाबरोबर त्या घरच्या किती हकीकती गेल्या, याचा हिशेब मात्र कोठेच लागत नाही. यंदा संपादक मंडळाने इतिहासविषयक लेख मागितला, तेव्हा राजेरजवाड्यांच्या लढाया बाजूला ठेवून, आपल्यासारख्या सामान्य घराण्यांचा इतिहास कसा टिकतो व कसा नाहीसा होतो, याविषयी चार शब्द लिहावे असे मनात आले. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. प्राथमिक शाळेत अडतीस वर्षे मुलांना इतिहास शिकविला, एवढाच आमचा अधिकार. शिवाय या विषयात आमच्या हातून एक अपराध घडलेला आहे. तो सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

कोणाची दप्तरे टिकली?

महाराष्ट्रातील घराण्यांचे जे इतिहास आज छापील स्वरूपात वाचावयास मिळतात, ते बहुतांशी सरदार, इनामदार, जोशी, कुळकर्णी, देशमुख अशा वतनदार घराण्यांचे आहेत. त्याचे कारण उघड आहे. वतन सिद्ध करण्यास कागद लागे. भाऊबंदकीचा तंटा उपस्थित झाला म्हणजे करीना लिहून द्यावा लागे व वंशावळ पुढे करावी लागे. पुढे इंग्रजी अंमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि सनदा दाखविण्याची पाळी घरोघर आली. ज्याच्यापाशी कागद त्याची जमीन राहिली. म्हणून त्या घराण्यांनी आपले रुमाल जिवापाड जपले. पूर्वजांच्या प्रेमाइतकाच हा उपजीविकेचा प्रश्न होता.

या रुमालांतूनच मराठ्यांच्या इतिहासाचा उद्धार झाला. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन घराण्याचे कागद वाचून १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. शाळामास्तराच्या तुटपुंज्या मिळकतीत त्यांनी हे काम उचलले, हे वाचून आमच्या पेशाविषयी अभिमान वाटतो. लगोलग १८९८ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे त्यात आली आहेत. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली आणि घरोघरचे कागद येऊन पडण्यास एक हक्काची जागा झाली. पुढे अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले.

हा सर्व इतिहास वाचताना एक प्रश्न आमच्या मनात नेहमी येत असे. आपल्या नामदेव शिंपी समाजातील बहुसंख्य घरांपाशी ना वतन होते, ना सनद. सुई, कात्री, गज आणि गळ्यातली तुळशीची माळ हीच आपली इस्टेट. मग आपल्या घराण्यांना इतिहास नव्हता काय?

आपल्या घरची साधने

या प्रश्नाचे उत्तर शोधावयास फार दूर जावे लागत नाही. संतशिरोमणी नामदेवरायांचेच घर पाहावे. नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. त्यांच्या हातचा एकही कागद आज उपलब्ध नाही. तरीही त्यांच्या घरची माणसे आपणांस नावानिशी ठाऊक आहेत. वडील दामाशेटी व आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, मुलगी लिंबाई. नारा, विठा, गोंदा व महादा हे चार पुत्र. लाडाई, गोडाई, येसाई व साखराई या चार सुना. आणि घरची कामे करणारी, स्वतःस नामयाची दासी म्हणविणारी जनाबाई. सहाशे सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला, पण सासू, सुना, लेक व दासी यांपैकी एकही नाव गळाले नाही. भल्याभल्या सरदारांच्या वंशावळींत असे आढळत नाही. तेथे अमक्याचा पुत्र तमका अशी पुरुषांची साखळी असते. स्त्रिया बहुधा नसतातच.

ही नावे टिकली ती प्रथम मुखाने व मग बाडांनी. बाड म्हणजे काय, हे आजच्या तरुण पिढीस सांगितले पाहिजे. कागदाचे बंद घेऊन ते एका कडेस दोऱ्याने शिवावयाचे, आणि भजनी मंडळीने वा कीर्तनकाराने आपणांस हवे ते त्यात उतरून घ्यावयाचे. बाडात अभंग असत, आरत्या असत, पदे असत. त्याच्याच मागल्या पानावर एखाद्या औषधाची कृती, उसनवारीचा आकडा, मुलाच्या जन्माची तिथी असेही असे. त्यास कोणी ग्रंथ म्हणत नसे. तथापि अशाच बाडांवरून पुढे संतांच्या गाथा छापल्या गेल्या, आणि १९७० साली महाराष्ट्र शासनाने श्रीनामदेव गाथाही प्रसिद्ध केली. शिवलेल्या वहीत निरनिराळे तुकडे एकत्र ठेवणे ही रीत आपल्याकडे कोणी बाहेरून आणलेली नव्हे.

दुसरे साधन तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचे. नाशिक, त्र्यंबकेश्वर आदी क्षेत्री पिढ्यान्पिढ्यांच्या यात्रेकरूंच्या नोंदी उपाध्यायांनी राखल्या आहेत. हरिद्वारच्या अशा वह्यांचे महत्त्व ओळखून १९७७ पासून अमेरिकेतील यूटा येथील वंशावळी-संस्थेने त्यांची सूक्ष्मचित्रे घेण्यास आरंभ केला. आम्ही स्वतः नाशिकास गेलो असता उपाध्यायांनी आडनाव व मूळ गाव विचारून थोड्याच वेळात एक वही आमच्यापुढे उघडली. शके १८२९, म्हणजे इसवी सन १९०७ मधली, आमच्या पणजोबांची मोडी सही तीत होती. अक्षर वाकडे होते, शाई तपकिरी झाली होती. ते पाहताना डोळ्यांत पाणी उभे राहिले, हे सांगण्यास संकोच वाटत नाही.

तिसरे साधन खास आपल्या धंद्याचे, आणि त्याकडे कोणा इतिहासकाराचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. ते म्हणजे मापाची वही. गिऱ्हाइकाचे नाव, खाली उंची, छाती, खांदा, बाही, गळा; बाजूस कापड कोणते व किती, कपडा कधी द्यावयाचा आणि पैसे किती राहिले. प्रत्येक शिंप्याच्या दुकानात अशा वह्यांचा ढीग असे. आमच्या वडिलांची १९७१ ते १९७३ या सालांतली एकच वही आज आमच्यापाशी आहे. १९७२ चा दुष्काळ आम्ही शाळेत पुष्कळ वेळा शिकविला. रोजगार हमीची कामे, खडी फोडणारे मजूर, लाल ज्वारी, हे सारे पाठ होते. पण त्या वर्षीच्या दिवाळीची पाने त्या वहीत पाहिली तेव्हा तो दुष्काळ आम्हांस खरा कळला. आदल्या वर्षी जेथे नव्या सदऱ्यांच्या व चोळ्यांच्या नोंदी ओळीने आहेत, तेथे त्या वर्षी 'जुना कोट लहान करणे', 'कॉलर उलटविणे', 'गुडघ्यास ठिगळ' अशा नोंदी आहेत, आणि बहुतेकांपुढे बाकी मांडलेली आहे. ती बाकी पुढे वसूल झाल्याची खूण थोड्याच ठिकाणी आहे. आपल्या वडिलांनी त्या वर्षी गावास किती उधार शिवून दिले, हे त्यांनी कधी तोंडाने सांगितले नाही, वहीने सांगितले.

आमचा अपराध

आता तो अपराध. १९८६ साली वडील निवर्तले. गावचे घर व दुकान मोडावयाचे ठरले. माळ्यावर एक लाकडी पेटी होती. तीत आजोबांचे बाड, मोडी कागदांचे दोन जुडगे, शिवणयंत्राच्या हप्त्यांच्या पावत्या आणि तीसएक वर्षांच्या मापाच्या वह्या होत्या. मोडी आम्हांस वाचता येत नव्हती. आमच्या पिढीच्या शाळेतून ती आधीच गेली होती. कसर लागलेली, उंदरांनी कोपरे कुरतडलेले. शहरातील आमच्या दोन खोल्यांत ते ठेवावयाचे कोठे, असा विचार केला आणि सगळी पेटी रद्दीवाल्याच्या काट्यावर रिकामी केली. भरली साडेअकरा किलो. त्याच आठवड्यात आम्ही सातवीच्या वर्गात 'इतिहासाची साधने' हा पाठ घेत होतो. लिखित साधने, भौतिक साधने व मौखिक साधने अशी फळ्यावर वर्गवारी करून मुलांकडून पाठ करून घेतली. एकाही क्षणी आम्हांस आपल्या पेटीची आठवण झाली नाही. वर सांगितलेली एकमेव वही वाचली, ती यंत्राच्या खणात राहून गेली म्हणून; आमच्या शहाणपणामुळे नव्हे.

लिखित साधन असे गेले. मौखिक साधनही आम्हीच घालविले. आमच्या घरी भिंतीवर चौकटीत लावलेली वंशावळ आहे. नऊ पिढ्या आहेत, एकही स्त्री नाही. मुलाचे लग्न झाल्यावर सूनबाई एके दिवशी ती निरखून पाहत होत्या. त्यांनी विचारले, "बाबा, यांत माझे नाव कोठे लिहावयाचे?" आम्हांस उत्तर देता आले नाही. त्यांनी दुसरा प्रश्न केला, "आणि तुमच्या आजींचे माहेरचे नाव काय होते?"

आजींचे सासरचे नाव आम्हांस ठाऊक होते, कारण श्राद्धात आई, आजी, पणजी यांची नावे उच्चारावी लागतात. पण लग्नात ताटातील तांदुळांवर नवे नाव रेखले गेले त्या क्षणी माहेरचे नाव मागे पडले. ते सांगू शकेल असे एकच माणूस उरले होते, आमच्या थोरल्या आत्या. वय नव्वदीच्या पुढे, पण स्मरण लख्ख. ही गोष्ट २००९ सालची. सहामाहीचे पेपर तपासून झाले की दिवाळीच्या सुटीत जाऊन सर्व विचारून लिहून घ्यावे, असा बेत आम्ही केला. नवरात्रात आत्या गेल्या. पेपर तपासून झाले, सुटीही लागली, विचारावयाचे कोणास?

चिकटवही

सेवानिवृत्त झाल्यावर २०१६ साली आम्ही घरची चिकटवही करावयास घेतली. शाळेत मुलांकडून पाने, फुले, तिकिटे यांच्या चिकटवह्या आम्ही असंख्य करून घेतल्या होत्या. पाश्चात्त्य देशांत हा छंद एकोणिसाव्या शतकात घरोघर पोहोचला. वर्तमानपत्रांतील कात्रणे, पत्रे, चित्रे, सुकविलेली फुले लोक वह्यांत चिकटवून ठेवीत. प्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन यांना या वह्यांचे इतके वेड होते की, पानावर आधीच गोंद लावलेल्या वहीचे एकस्व त्यांनी १८७३ साली मिळविले. आपल्याकडे मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. पुढे छायाचित्रे सामान्यांच्या आवाक्यात आली आणि लग्नाचा एक तरी फोटो घरोघर भिंतीवर लागला. आपल्या समाजास मात्र ही कला शिकवावी लागू नये. कात्रण हा शब्द कापडाचा तसाच कागदाचाही आहे. आणि घरातल्या जुन्या लुगड्यांचे, सदऱ्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्या, हा तुकडा कोणाच्या बारशाच्या खणाचा व तो कोणाच्या लुगड्याचा, हे बोट ठेवून सांगत असत.

वही भरताना दोन गोष्टी आम्हांस कळल्या. पहिली ही की, फोटो असून उपयोग नसतो, त्याखाली नाव पाहिजे. आमच्यापाशी आजोबांच्या वेळचा एक मोठा फोटो आहे. अकरा माणसे आहेत. आम्ही चौघांना ओळखतो. उरलेली सात माणसे आमच्याच रक्ताची असून आम्हांस परकी झाली आहेत.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. आजोबांनी हप्त्याने घेतलेले पहिले शिवणयंत्र हप्ते थकल्यामुळे परत न्यावे लागले होते. पुढे दोन वर्षे त्यांनी हातशिलाईवर प्रपंच चालविला आणि मग दुसरे यंत्र घेतले. ही हकीकत आईने आम्हांस सांगितली होती. आम्ही ती वहीत लिहिली तेव्हा आमचे वडीलबंधू रागावले. म्हणाले, "अरे, घरची लाज वहीत कशाला चिकटवतोस? चांगले तेवढे लिही." दादांचा मान राखूनही आम्हांस ते पटले नाही. येथे एका प्रसिद्ध उदाहरणाचे स्मरण होते. वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीत उत्तरेस केलेल्या प्रवासाची हकीकत मोडीत लिहून ठेवली. भारताचार्य वैद्य यांनी ती 'माझा प्रवास' म्हणून १९०७ साली छापली, पण भाषेत व मजकुरात फेरफार करून. मूळ लेख जसाच्या तसा महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. एका गरीब भिक्षुकाचे खरे शब्द वाचकांपर्यंत पोहोचण्यास एकोणसाठ वर्षे अधिक लागली. वैद्यांचा हेतू चांगलाच होता. त्यांच्यामुळेच तर ते लिखाण झाले. तरीही सुधारून लिहिण्यात काही हरपते, हे खरे. आमच्या आजोबांचे यंत्र गेले यात लाज कसली? सुईवर घर तगविले, हीच तर आमच्या घराण्याची सनद. महात्माजींनीही १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना शिवणयंत्राचा अपवाद केला होता. दोन महिन्यांनी दादा स्वतः आले आणि त्या दुसऱ्या यंत्राची जुनी तेलाची पितळी कुपी वहीशेजारी ठेवण्यास देऊन गेले.

काही व्यवहाराच्या सूचना

ज्ञातिबंधुभगिनींस उपयोग व्हावा म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी येथे देतो. वही दोऱ्याने शिवलेली व शक्य तर आम्लरहित कागदाची घ्यावी. साधा कागद काही वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो व वर चिकटविलेल्यासही खातो. पारदर्शक चिकटपट्टी वापरू नये. तिचा डाग पडतो व तो निघत नाही. कागदाच्या प्रतींस गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ चालते. फोटोस मात्र काहीच न लावता तो कागदी कोपऱ्यांत बसवावा, म्हणजे हवा तेव्हा काढता येतो. पूर्वी आपल्यापैकी अनेकांनी घेतलेले, चिकट पानांवर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम फोटोंस घातक ठरले आहेत. त्यांतील फोटो हलक्या हाताने सोडवावेत, आणि न निघाल्यास ओढू नयेत, वरूनच त्यांची प्रत घ्यावी. जुन्या कागदास प्लॅस्टिकचे अस्तर कधीही देऊ नये. यंत्रातून निघणाऱ्या हल्लीच्या गुळगुळीत पावत्या थोड्याच काळात कोऱ्या होतात. त्यांची प्रत ठेवावी. फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने हलके लिहावे. प्रत्येक वस्तूखाली कोण, कोठे, केव्हा, आणि ही माहिती कोणी सांगितली, या चार गोष्टी असाव्यात. वही माळ्यावर ठेवू नये; पावसाळ्यानंतर उघडून सावलीत वारा द्यावा. मोबाईलवर सर्व पानांच्या प्रती घेऊन त्या दोन-तीन घरी ठेवाव्यात. मात्र केवळ मोबाईलवर विसंबू नये. तो बदलताना फोटो कसे नाहीसे होतात, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे.

मोडी कागद असतील तर कृपा करून ते विकू नका. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ व महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालवितात. आपल्या समाजातील एखाद्या तरुणाने वा तरुणीने ती शिकून घ्यावी. आणि ज्यांच्या घरी अजून मापाच्या वह्या असतील, त्यांनी त्या विशेष जपाव्यात. तयार कपड्यांच्या या काळात तशा वह्या पुन्हा लिहिल्या जाणार नाहीत.

सर्वांत निकडीची सूचना एवढीच की, घरातील वृद्ध मंडळींस आज विचारा. सुटी लागण्याची वाट पाहू नका. विशेषतः आई, आजी, आत्या, मावशी, काकू यांची माहेरची नावे, त्यांच्या आयांची नावे, त्यांचे गाव, हे सर्व लिहून घ्या. नामदेवरायांच्या घरी दासीचेही नाव राहिले. त्यांचे म्हणविणाऱ्या आपण आपल्या आज्यांची नावे हरवावी, हे शोभत नाही. आमची समाजसंस्थेस नम्र विनंती आहे की, पुढील वार्षिक मेळाव्यास प्रत्येक घराने आपल्या चिकटवहीचे एक तरी पान आणावे व ते सर्वांस पाहावयास ठेवावे. ओळख न पटलेल्या फोटोंतील चेहरे तेथे कोणी ना कोणी ओळखील, अशी आम्हांस आशा आहे. आमचा अकरा माणसांचा फोटो आम्ही अवश्य घेऊन येऊ.

आमच्या वहीत आता नवी वंशावळ काढलेली आहे. तीत स्त्रिया व पुरुष दोघेही आहेत. प्रत्येक सुनेच्या नावापुढे तिचे माहेरचे नाव, आडनाव व गाव आहे. सूनबाईंचे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. आजींच्या नावापुढे एक ओळ कोरी ठेवली आहे. ती भरून निघेल असे आता वाटत नाही. तरी ती खोडलेली नाही.